कांदेवाल्यांनो, अनुदान घ्या पण पिकाकडं बघून घ्या

अनुदानाने उत्पादन वाढतं का? वाढतं, पण कुठल्या अनुदानाने पिकाचं काय होतं ते बघूनच अर्ज टाका, शेजाऱ्याला मिळालं म्हणून टाकू नका. निफाड, चांदवड, येवल्याकडच्या उन्हाळ कांद्यापुरतं सांगतो.

पहिलं ठिबक. फुगवणीच्या, म्हणजे कांदा पोसण्याच्या टायमालाच विहिरी तळाला जातात, तिथं ठिबक असलं की तेवढ्याच पाण्यात प्लॉट निघतो. दोन हेक्टरपर्यंत जमीन असेल तर केंद्र-राज्य मिळून ८० टक्क्यांपर्यंत, जास्त असेल तर ७५. पण हे टक्के सरकारने ठरवलेल्या खर्चावर धरतात, डीलरच्या बिलावर नाही, म्हणून खिशातून किती जाणार ते कोटेशन घेतानाच काढा. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर अर्ज टाकण्याआधी सातबारावर विहीर किंवा बोअरची नोंद आहे का बघा. आणि पूर्वसंमती आल्याशिवाय एक नळीसुद्धा घ्यायची नाही! आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. पैसे मागाहून आधार लिंक खात्यात येतात, तोवर खर्च आपलाच आणि रोप काही अनुदानासाठी थांबत नाही, त्यामुळे उधारीचं आधी ठरवून ठेवा.

आता एक अनुदान असं आहे की त्याला अर्जच लागत नाही, ते म्हणजे युरिया. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, आणि डीएपी खताची ५० किलोची १३५० ला, मग हात कुठं सैल सुटणार ते सांगायला नको. शिफारस हेक्टरी १०० किलो नत्राची आहे, अर्धं लागवडीला आणि उरलेलं ३० आणि ४५ दिवसांनी वाटून. त्याच्यापुढे टाकलं की पात मस्त काळीभोर दिसते, फोटोला भारी, पण माना जाड राहतात आणि असा कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, सगळ्यात आधी सडतो. म्हणजे एका अनुदानाने दुसऱ्याची वाट लावली, कारण चाळीलाही अनुदान घेतलेलं असतंच की.

चाळीने एकरी उतारा वाढत नाही, फक्त काढलेला माल टिकतो. लासलगावला मे महिन्यात पडेल त्या भावात द्यायचं नसेल तर चाळ घ्याच, पण खालून हवा खेळली पाहिजे, आणि पात नीट सुकवून मान पिळल्यासारखी बारीक झालेला कांदाच आत टाका. जोड (जुळे कांदे) आणि डेंगळे (फुलाचा दांडा आलेले) बाजूलाच काढा, ते लगेच विकून मोकळं व्हायचं.


आणि हो, ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईल ॲपवरून सातबारावर पिकाची नोंद, वेळेत करून टाका, सातबारावर कांदाच नसेल तर पुढं कुठल्याही मदतीच्या वेळी बोंबलत बसावं लागतं.