नेपाळहून बागेत कामाला येणाऱ्यांची कागदपत्रे, नोंद आणि पैसे : बागायतदारांसाठी

रत्नागिरी-देवगड पट्ट्यातील हापूसच्या बागांत राखणीपासून आंबा उतरवण्यापर्यंतची बरीचशी कामे आज नेपाळी कामगार करतात. दसैं आणि तिहार (नेपाळचे दसरा आणि दिवाळी) हे सण गावी करून ते निघतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. ‘परदेशी माणूस ठेवला म्हणजे काय काय करावे लागते’ हा प्रश्न त्यामुळे दर हंगामाला नव्याने विचारला जातो.

पाया आधी समजून घ्यावा. 31 जुलै 1950 रोजी झालेल्या भारत-नेपाळ शांतता व मैत्री कराराच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांच्या भूमीवर राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार करण्याची आणि ये-जा करण्याची मोकळीक दिली आहे. म्हणून नेपाळहून थेट येणाऱ्या नेपाळी नागरिकाला व्हिसा लागत नाही. सुमारे 1,751 किलोमीटरच्या या सीमेवर कुंपण नाही. आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बल आणि पलीकडे नेपाळचे सशस्त्र प्रहरी बल पहारा देते. ही मोकळीक टिकायची असेल, तर तिचा लाभ घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी नोंदी चोख ठेवल्या पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

कामगार गावाहून निघण्यापूर्वीच त्याला फोन करून मूळ नागरिकता प्रमाणपत्र सोबत आणायला सांगावे. मोबाइलमधील फोटोवर विसंबू नये. ते हाती आल्यावर नीट वाचावे. त्यावर छायाचित्र आणि दोन्ही अंगठ्यांचे ठसे असतात, जिल्हा आणि वडा म्हणजे प्रभाग क्रमांक असतो आणि मजकूर देवनागरीत असल्यामुळे आपल्याला तो सहज लागतो. घोटाळा होतो तो जन्मतारखेत, कारण ती विक्रम संवतात लिहिलेली असते. जन्मवर्ष 2055 दिसले तर त्यातून 57 वजा करावेत, म्हणजे 1998 येते. मात्र जन्म जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचा असल्यास 56 वजा करावेत. आमच्याकडच्या एका मुलाच्या अर्जावर 2055 हेच साल जसेच्या तसे लिहिले गेले आणि ते दुरुस्त करून घेण्यात त्याची तीन दिवसांची मजुरी बुडाली. चूक माझी होती, म्हणून ती मजुरी मी भरून दिली.

त्यानंतर प्रमाणपत्राची प्रत, अलीकडचे छायाचित्र, नेपाळमधील घरचा फोन क्रमांक आणि बागेचा पत्ता घेऊन स्थानिक पोलीस ठाण्यात वर्दी द्यावी आणि पोच जपून ठेवावी. या वेळी कामगाराला सोबत न्यावे, म्हणजे आपली माहिती कशासाठी दिली जाते हे त्याला कळते. मूळ प्रमाणपत्र मात्र स्वतःकडे अडकवून ठेवू नये. ते त्याचे आहे. आणखी एक भान ठेवावे. नेपाळी बोलणारा प्रत्येक जण नेपाळचा नागरिक नसतो. दार्जिलिंग किंवा सिक्कीमचा गोरखा भारतीयच आहे आणि नेपाळी भाषा 1992 पासून आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे. अशा माणसाला ‘तुमच्या देशात’ म्हणणे हा त्याचा अपमान आहे.

गेल्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिलेल्या नेपाळी नागरिकाला स्वतःच्या खऱ्या नागरिकत्वाची नोंद करून आधार मिळू शकते आणि ते दहा वर्षांपुरते वैध असते. मतदार ओळखपत्र मात्र केवळ भारतीय नागरिकांसाठी आहे. ‘काढून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवावे, कारण खोट्या नोंदीत पुढे कामगारच अडकतो.

हंगामाची सगळी कमाई कमरेला बांधून गाडीत बसणे धोक्याचे असते. रिझर्व्ह बँकेच्या भारत-नेपाळ रेमिटन्स सुविधेतून बँकेच्या शाखेत एनईएफटीने नेपाळमध्ये पैसे पाठवता येतात. खातेदाराला एका वेळी दोन लाख रुपयांपर्यंत रक्कम पाठवता येते. खाते नसलेल्याला रोखीने एका वेळी 50,000 रुपयांपर्यंत आणि वर्षातून बारा वेळा. पहिल्या वेळी आपण शाखेत सोबत जावे. भारताच्या 100 रुपयांना नेपाळचे 160 रुपये हा दर 1993 पासून कायम आहे, तेव्हा घरी किती पोचायला हवेत हे तिथेच कागदावर मांडून दाखवावे.

परतताना प्रत्येकाच्या हाती किती दिवस काम केले, किती मजुरी दिली आणि आपला फोन क्रमांक काय, हे लिहिलेली सही केलेली चिठ्ठी द्यावी. सीमेवरील बनबसा किंवा गौरीफंट्याच्या नाक्यावर रात्री कोणी विचारपूस केली, तर ती दाखवून तो पुढे जाऊ शकेल. आणि फोन आलाच, तर तो आपण उचलावा.