एनडीएचं मेडिकल अकरावीतच चेक करून घ्या

बारावीनंतर सैन्यात अधिकारी व्हायचं तर एनडीए, म्हणजे नॅशनल डिफेन्स अकॅडमी. त्यासाठी ठाण्यातली क्लासवाली पोरं मॅथ्स, जीएटी (इंग्लिश आणि जनरल नॉलेजचा पेपर), एसएसबी (निवडीची मुलाखत) सगळ्याची तयारी करतात आणि मेडिकलचं काय विचारलं की म्हणतात, रोज उपवन तलावाला धावतो, मला काय होणारे. पण धावता येणं वेगळं आणि मेडिकल बोर्डात, म्हणजे सैन्याच्या डॉक्टरांपुढे, फिट निघणं वेगळं. एसएसबीत रेकमेंड झालेली, म्हणजे निवडलेली पोरंसुद्धा कानातल्या मळावरून अडकतात, कारण मळामुळे पडदाच दिसत नाही. बड्स घालू नका, आत ढकलला जातो, ईएनटीकडून (कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून) साफ करून घ्या आणि त्यालाच नाकाचं हाड वाकडं आहे का तेही बघायला सांगा.

डोळे सगळ्यात आधी. नंबर काढाच, पण ठिपक्यांमधले आकडे ओळखायचं इशिहाराचं पुस्तकही दाखवायला सांगा, रंगात गडबड निघाली तर फ्लाइंगचा, म्हणजे पायलट व्हायचा नाद सोडावा लागतो, आर्मीत तेवढं कडक नाही. आणि लेसर करून नंबर घालवू असं कोणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका. आर्मीला ऑपरेशन विशीनंतरचंच चालतं आणि एनडीएचं वय साडेएकोणीसलाच संपतं, म्हणजे पैसेही गेले आणि चान्सही.

तळवे घरीच बघा. पाय ओले करून कोरड्या लादीवर उभे राहा, अख्खा तळवा उमटला तर टाचा उचलून चवड्यांवर उभे राहा. तेव्हा कमान दिसत असेल, दुखत नसेल आणि नीट धावता येत असेल तर बहुतेक वेळा चालून जातं. गुडघे चिकटवून घोट्यांमध्ये पाच सेंटीमीटरच्या वर गॅप पडत असेल तर ऑर्थोला दाखवा.

दातांना पॉइंट असतात, कमीत कमी 14 लागतात. दाढेला दोन मिळतात म्हणून किडलेली दाढ सरळ उपटू नका, वाचत असेल तर वाचवा. टॅटू फक्त कोपर ते मनगट आतल्या बाजूला किंवा हाताच्या पंजाच्या मागे चालतो. वजन उंची-वयाच्या तक्त्यात बसवा, वडापाव थोडे दिवस बंद.

हायड्रोसील (अंडाशयाच्या पिशवीत पाणी साठून येणारी सूज) वगैरे लाजून लपवू नका, तिथे कपडे काढून तपासतात, सापडतंच. आधीच ऑपरेशन केलं तर भरून यायला वेळ तरी मिळतो.

तरी अनफिट आलात तर रडत घरी येऊ नका, कागदावर नेमकं कारण काय लिहिलंय ते वाचा आणि तिथेच अपील मागा. अपील बोर्ड 42 दिवसांच्या आत होतो, तेवढ्यात बाहेर उपचार करून घ्यायचे. कुलाब्याचं अश्विनी हॉस्पिटल मिळालं तर आपल्याला लोकलनेच जमतं, फक्त उपचारांचे सगळे कागद ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही घेऊन जा.