लाइव्ह एडची वर्षगाठ कोल्हापुरात: क्वीनची २१ मिनिटं घड्याळ लावून कशी ऐकावीत

लाइव्ह एड हा मदतनिधीसाठीचा मोठा संगीत कार्यक्रम झाला शनिवारी, १३ जुलै १९८५ ला. वर्षगाठीला त्यातलं क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं रेकॉर्डिंग बरोबर त्याच वेळेला लावायचं, अशी ही कल्पना. लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये दुपारी १२ ला सुरुवात झाली आणि क्वीन मंचावर आले संध्याकाळी ६.४१ ला. वेळ जुळवताना हमखास होणारी चूक म्हणजे साडेपाच तास मिळवणं. जुलैत तिकडची घड्याळं एक तास पुढे असतात, म्हणून साडेचारच मिळवायचे. म्हणजे आपल्याकडे क्वीनची वेळ रात्री ११.११.

इथेच अडचण येते. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही आणि जुलैत कोल्हापूरचा पाऊस गच्ची वापरू देत नाही. पत्र्याची शेडही नको. पाऊस लागला की गाण्याचे शब्दच ऐकू येत नाहीत. राजारामपुरी-शाहूपुरीकडचा दारं-खिडक्या नीट लागणारा हॉल घ्या. आवाज बाहेर जात असेल तर ११.११ चा हट्ट सोडा आणि ९.३० ला लावा, ९.५१ ला संपतं. कार्यक्रम सगळ्यांना खुला असेल तर वाजवण्याच्या परवान्याचं आधी बघा.

ब्लूटूथ स्पीकर अजिबात नको. आवाज मागे पडतो आणि क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी गर्दीकडून ताना म्हणवून घेतो तिथे ओठ वेगळे, सूर वेगळा. लॅपटॉपमधून साउंड मिक्सरला वायरच ओढा. तरी प्रोजेक्टरचं चित्र मागे राहतंच, तेव्हा व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये जे आणि के ही बटणं दाबून आवाज ५०-५० मिलिसेकंदांनी सरकवा. टाळीचा प्रसंग लावून तपासा, तिथे फरक लगेच कळतो.

स्पीकरमधून घूं आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या. चार्जर काढल्यावर आवाज थांबला तर दोष तिथलाच. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, ओल्या दिवसांत तर नाहीच. लॅपटॉप पूर्ण चार्ज ठेवा आणि प्रोजेक्टर-मिक्सरला यूपीएस द्या.

फ्रेडी शाळेला पाचगणीत होता, पहिला बँडही तिथलाच. हे सुरुवातीला जरूर सांगा, आपल्याकडची पोरं सरसावून बसतात.

'रेडिओ गा गा' या गाण्याला डोक्यावर हात नेऊन जोडटाळी असते, ती आधी एकदा सगळ्यांकडून करून घ्या. लांबट हॉलमध्ये ती फिसकटते: १७ मीटर मागे आवाज सेकंदाच्या विसाव्या भागाइतका उशिरा पोचतो. म्हणून पडदा लांब भिंतीवर लावा आणि रांगा आडव्या, कमी ठेवा. खुर्च्या दाटीत नकोत, हात वर जायला जागा लागते.