आधी आवाज, मग फाइल, मग फोटो

घरातलं कुणी दुर्मिळ कॅन्सरने गेलं की आठवण म्हणून बहुतेक जण आधी फोटो मोठा करून घेतात. खरं तर त्याला घाई नसते. घाई असते आवाजाची, कारण त्यांचा फोन थोड्याच दिवसांत कुणीतरी रीसेट करून वापरायला घेतं.

फोन आहे तसा ठेवा, चार्ज करत राहा. एकदा बंद होऊन सुरू झाला की पिन किंवा पॅटर्न लागतोच, तुमचं बोट नोंदवलेलं असलं तरी चालत नाही. अंदाजाने पिन टाकत बसू नका, आयफोन अशाने कायमचा अडकतो. पिन मिळाला नाही तरी त्यांनी पाठवलेले व्हॉइस मेसेज तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये असतातच. व्हॉट्सॲपवर ती चॅट उघडा, ‘एक्सपोर्ट चॅट’ करा आणि मीडियासह निवडा. मेसेज एकेक करून फॉरवर्ड करू नका, मूळ तारीख जाते. फायली ओपस प्रकारच्या येतात. त्या तशाच ठेवा, ऐकण्यासाठी एमपी३ प्रत वेगळी काढा. फायलीच्या नावाची सुरुवात वर्ष-महिना-दिवस अशी केली की यादी आपोआप क्रमाने लागते. तीन प्रती हव्यात, त्यांतली एक दुसऱ्या घरी.

आजाराची फाइल बघवत नाही, म्हणून ती रद्दीत जाते. असं करू नका. आजार दुर्मिळ असेल तर पुढच्या पिढीला त्याचं नेमकं नाव लागतं. नुसतं ‘थायरॉइडचा कॅन्सर’ लक्षात राहून भागत नाही: तो मेड्युलरी नावाच्या प्रकारचा असेल तर साधारण चारांतल्या एका रुग्णात आनुवंशिक असतो, आणि रेट (RET) नावाच्या जनुकात दोष सापडला तर रक्ताच्या नातेवाइकांची तपासणी करता येते. शेवटचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींवर खास रंग देऊन कॅन्सरचा प्रकार ओळखणारी तपासणी), जनुक तपासणी आणि डिस्चार्ज समरी ३०० डीपीआयवर (डीपीआय म्हणजे स्कॅनची बारकाई) स्कॅन करा. निदानाच्या वेळचं वय पहिल्या पानावर लिहा. बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, प्रयोगशाळा ठरावीक काळच ठेवते. मुदत विचारा, घरी आणता येत असेल तर लेखी मागा. आणलात तर उष्णतेपासून लांब ठेवा, ते मेणच असतं.

फोटो सावकाश करा. छोटे छापील फोटो ६०० डीपीआयवर. जुन्या चिकट पानांच्या अल्बममधून ओढून काढू नका, दातांचा फ्लॉस मागून हळूहळू सरकवा. तरी सुटला नाही तर अख्खं पानच स्कॅन करा.