सहा संघांची युवा फुटबॉल स्पर्धा: वेळापत्रक कसं आखावं

सिंगापूरच्या 2010 च्या युवा ऑलिंपिकचा साचा घ्या: फिफाच्या सहाही खंडीय महासंघांतून एकेक संघ, तीन-तीनचे दोन गट. गटांत 6 सामने, उपांत्य 2, पाचव्या-तिसऱ्या जागेसाठी एकेक आणि अंतिम, एकूण 11.

खरी डोकेदुखी तीनच्या गटाची. शेवटचा सामना खेळणाऱ्या दोघांना कोणता निकाल पुरेल ते आधीच ठाऊक असतं. पहिल्या सामन्यातल्या पराभूताला लगेच खेळवलं आणि तो पुन्हा हरला, तर उरलेले दोघेही उपांत्य फेरीत. मग शेवटच्या सामन्यात राखीव पोरं उतरतात. म्हणून दुसरा सामना विजेत्याला द्या. तो पुन्हा जिंकला, तर शेवटची लढत थेट बाद फेरीसारखी होते. पहिला सामना बरोबरीत सुटला तर? क्रम आधीच चिठ्ठी टाकून ठरवा. समान गुणांचा नियमही पहिल्या शिट्टीआधी लेखी हवा.