हायड्रॉलिक ब्रेक बूस्टर बसवताय? या चुका टाळा

बूस्टर बसवला की ब्रेक दुप्पट झाला, अशा समजुतीने जो गाडी घेऊन येतो त्याला मी आधी चाकं उतरवायला लावतो. बूस्टर वाढवतो तो पायाचा जोर. चाकाचा ड्रम धरून ठेवायचं काम लायनरचंच, म्हणजे आतल्या घासणाऱ्या पट्टीचंच. लायनर रिव्हेटपर्यंत घासलेला, ड्रमच्या कडेला ओठ आलेला, मागच्या व्हील सिलेंडरमधून तेल पाझरतंय, आणि मालकाला घाई बूस्टरची! अशा गाडीला जास्त जोर दिला तर एवढंच होतं की तीच खराब लायनर लवकर तापते, आणि तापल्यावर धरत नाही. तवंदी घाट उतरून निपाणीत पोचलेल्या भरलेल्या टेम्पोच्या चाकाजवळ नाक नेऊन बघा, मी काय म्हणतोय ते कळेल.

ही गोष्ट एअर ब्रेकच्या मोठ्या ट्रकची नाही. तेलाचा ब्रेक असणाऱ्या टाटा ४०७ सारख्या छोट्या ट्रकची आणि पिकअपची आहे. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून बहुतेक गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप असतो. त्या व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर काम करतो तो हवेच्या दाबाच्या जिवावर. हवेचा दाब म्हणजे जेमतेम एक बार, आणि साडेसातशे मीटर उंचीवरच्या बेळगावात तेवढाही पुरता मिळत नाही. पॉवर स्टीअरिंगचा पंप गरज पडली की शंभर बारच्या आसपास दाब देतो. त्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक बूस्टर आकाराने लहान असूनही पेडल हलकं करतो. आकर्षण आहे ते याचंच.

पण आधी जुना व्हॅक्यूम तरी नीट तपासा. इंजिन बंद करून पेडल कडक होईपर्यंत मारा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पाय थोडा खाली गेला तर बूस्टर जिवंत आहे. गेला नाही तर व्हॅक्यूमची रबरी नळी वाकवून बघा. कित्येकांचा सगळा खर्च तिच्यातल्या भेगेपाशीच संपतो. अशा माणसाला मी नवा बूस्टर बसवून देत नाही. रागावला तरी चालेल.

रिटर्न पाइपला टी मारू नका

या एका चुकीवर माझा सगळ्यात जास्त राग आहे. पंपातून तेल आधी ब्रेक बूस्टरला जातं, तिथून स्टीअरिंग बॉक्सला, आणि तिथून परत टाकीत. बूस्टरची स्वतःची एक वेगळी रिटर्नही, म्हणजे परतीची नळीही असते. टाकीला परतीचं तोंड एकच असतं, म्हणून घाईतला माणूस बूस्टरची रिटर्न स्टीअरिंगच्या रिटर्नमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकून जोडतो आणि हात पुसतो. पाइप वाचला, वेल्डिंग वाचलं, गाडी चालू झाली.

ऊस हंगामात चिकोडीकडची एक गाडी माझ्याकडे आली. कारखान्याच्या आवारात वळवताना जागेवर अडकायची, मोकळ्या रस्त्यावर ठीक. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, स्टीअरिंग फिरवलं की आपोआप ब्रेक लागायलाय बगा." त्याला कुणी खरं मानत नव्हतं. दुसऱ्या गॅरेजात लायनर नवे झाले होते, व्हील सिलेंडर नवे, बेअरिंगसुद्धा बदललेलं. मालकाच्या मते ड्रायव्हरचा पाय पेडलवर राहायचा.

पुढची चाकं घोडीवर घेतली, इंजिन चालू ठेवलं. पोरगा आत बसून स्टीअरिंग फिरवत होता, मी चाक हाताने फिरवत होतो. स्टीअरिंग मध्यावर असलं की चाक गरगर फिरायचं. टोकापर्यंत नेलं की चाक गच्च. पेडलला कुणाचा पाय नाही. टी दिसली तिथेच सगळं कळलं. पाइप बारीक, एकाच नळीतून दोन वाटांचं तेल परत जाणार. स्टीअरिंगचा लोट आला की नळी तुंबते आणि मागचा दाब बूस्टरच्या रिटर्नमध्ये शिरतो. बूस्टरच्या आतल्या व्हॉल्व्हला तो दाब परका वाटत नाही. तो मास्टर सिलेंडरला, म्हणजे चाकांकडे ब्रेकचं तेल पाठवणाऱ्या सिलेंडरला, ढकलू लागतो. ब्रेक लागतो तो असा.

टाकी उतरवून दुसरं तोंड बसवलं आणि बूस्टरची रिटर्न थेट टाकीत नेली. हे तोंड तेलाच्या पातळीच्या खाली घ्या. वर घेतलं तर तेल धबधब्यासारखं पडून फेस होतो, आणि फेसाळलेल्या तेलावर ना स्टीअरिंग चालतं ना ब्रेक. वेल्डिंगनंतर टाकी आतून धुवून, वाळवून, फडक्याने पुसून घ्या. धातूचा एक कण बूस्टरच्या व्हॉल्व्हमध्ये अडकला तर दुसरं दुखणं सुरू होतं.

नवी गाडी असो की जुनी, बूस्टर बसवल्यावर मी हीच परीक्षा घेतो: चाकं वर, इंजिन चालू, स्टीअरिंग दोन्ही टोकांना, आणि चाक हाताने फिरवून बघायचं. चहा थंड होईल, पण गाडी परत येणार नाही.

दोन तेलं, दोन टाक्या

बूस्टरच्या बाजूला स्टीअरिंगचं तेल, मास्टर सिलेंडरच्या बाजूला ब्रेक ऑइल. मधे दुवा नाही, भिंत आहे, आणि ही भिंत कधी ओलांडायची नाही. ब्रेक ऑइल ग्लायकोलचं असतं, स्टीअरिंगचं खनिज तेल. ब्रेकचं रबर खनिज तेलात फुगतं, स्टीअरिंगच्या सीलला ग्लायकोल खातं. पहिली खूण दिसते मास्टर सिलेंडरच्या झाकणात: आतलं रबर फुगून झाकण जागेवर बसत नाही. ते दिसलं तर नुसतं तेल बदलून भागत नाही. मास्टरचं किट, व्हील सिलेंडरचे कप, ब्रेकच्या रबरी होज, सगळं नवं घ्या आणि लोखंडी पाइप स्पिरिटने धुवा. अर्धवट धुऊन पैसे वाचवणारा दोन महिन्यांनी परत येतो, आणि तेव्हा मात्र दोष मेकॅनिकचा असतो.

रंगावर जाऊ नका, बाटलीवरचं लेबल वाचा. डबा सुटा असेल तर काचेच्या ग्लासात पाणी घेऊन एक थेंब टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, खनिज तेल वर तरंगतं. आमच्याकडे दोन वेगळे फनेल दोन वेगळ्या खिळ्यांवर टांगलेले असतात. नव्या पोराने खिळा बदलला तर मी फनेलच फेकून देतो.

घाटात इंजिन बंद

डिझेल वाचवायला चोर्ला किंवा तवंदी उतरताना न्यूट्रल मारणारे महाभाग अजून आहेत. काही तर चावीच फिरवतात. व्हॅक्यूमच्या गाडीतही हे मूर्खपणाचंच, पण हायड्रॉलिक बूस्टर पंपावर जगतो आणि पंप इंजिनवर. इंजिन बंद झालं की अॅक्युम्युलेटरमध्ये (दाब साठवणाऱ्या डब्यात) पेडल दोन-तीनदा दाबण्यापुरता साठा उरतो. त्यानंतर पेडल दगड, आणि त्याच क्षणी स्टीअरिंगही जड. दोन्ही एकदमच जातात, हे लक्षात घ्या. ज्या गिअरने चढलात त्याच्या आसपासच्या गिअरने उतरा, लायनरही टिकतात. याला नवा शोध लागत नाही.

बाकीच्या, भराभर

पंपाचा बेल्ट ढिला ठेवून बूस्टरला दोष देऊ नका. उभ्या गाडीत इंजिनच्या मंद वेगावर ब्रेक आणि स्टीअरिंग एकदम मारलं आणि किंचाळल्यासारखा आवाज आला, तर आधी बेल्ट बघा.

दाबाच्या बाजूला साधा रबरी पाइप आणि क्लॅम्प? नाही. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक होज प्रेस करून देणारे आहेत. माप न्या, दोन्ही टोकांच्या युनियन सोबत न्या, क्रिंप करून घ्या.

फ्लेअर युनियनला (पसरट तोंडाच्या पाइपच्या जोडाला) टेफलॉन टेप लावायची नसते. ती घट्ट बसते धातूवर धातू टेकून. टेपचा तुकडा आत गेला तर व्हॉल्व्ह अडकवतो.

पुश रॉड, म्हणजे बूस्टरकडून मास्टरचा पिस्टन ढकलणारा दांडा, लांब ठेवू नका. ब्रेक सोडल्यावर मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे आला नाही तर परतीचं भोक झाकलेलं राहतं आणि चाकं तापतात. संशय आला तर मास्टरचे नट थोडे सैल करून बघा. चाक मोकळं फिरलं तर दोष रॉडच्या मापात किंवा बूस्टरकडे आहे.

तेलातली एअर (हवा) काढताना सरळ स्टार्टर मारून स्टीअरिंग फिरवू नका. पुढची चाकं वर, डिझेल बंद, स्टार्टर थोडा-थोडा फिरवत आधी पंप भरू द्या, मधे टाकी बघत राहा. मग इंजिन चालू करून स्टीअरिंग हळू दोन्ही टोकांना न्या, पेडल दाबा. फेस आला तर थांबा, बसू द्या.

अॅक्युम्युलेटरला स्पॅनर लावण्याआधी इंजिन बंद करून पेडल पुन्हा पुन्हा मारा, कडक होईपर्यंत. आत गॅस किंवा स्प्रिंगचा दाब असतो. तापवू नका, भोक पाडू नका, भंगारात टाकण्याआधी कुणा पोराच्या हातात देऊ नका.

आणि कागद. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. गाडीचा नंबर केए २२ (बेळगाव) असो की केए २३ (चिकोडी), आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारून घ्या. अपघातानंतर विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं असतं.

पहिली चाचणी रिकाम्या गाडीने, सपाट मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात. भरलेल्या गाडीने घाटात नाही.