लग्न झालंय, लेकरू आहे आणि नर्सिंग करताय? महिन्याचा खर्च असा बसवा

मी जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, अ‍ॅडमिशन घेतलं तेव्हा पोरगी तीन वर्षांची होती आणि नवरा कंपनीत कंत्राटावर. फी कशीतरी जमवून भरता येते हो, खरी ओढाताण होते ती रोजच्या खर्चाची, कारण स्कॉलरशिप कधी सहा महिन्यांनी येते कधी वर्षाने, आणि दूध, गॅस, भाडं दर महिन्याला लागतं. म्हणून स्कॉलरशिप धरून महिना बसवूच नका. ती आली की उधारी फेडायची आणि परीक्षा फॉर्मचे पैसे बाजूला काढायचे.

स्कॉलरशिपचा फॉर्म मात्र भरायचाच, आणि लग्न झालेल्या बायकांचं सगळ्यात जास्त अडतं ते नावात. मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासबुकात तिसरंच. माझा महाडीबीटीचा (सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचा) फॉर्म याच्यामुळे वर्षभर लटकला, त्या वर्षी मंगळसूत्र गहाण ठेवलं, म्हणून कळकळीने सांगते, अ‍ॅडमिशनच्या आधीच मॅरेज सर्टिफिकेट काढून ठेवा, नाव बदलाचं गॅझेट केलं असेल तर त्याची कॉपी, मध्ये शिक्षण सुटलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. जातीचा दाखला माहेरचाच लागतो. उत्पन्नाचा दाखला माझ्याकडे नवऱ्याचा मागितला, तो सेतूत मिळतो पण 31 मार्चपर्यंतच चालतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्येच नवा काढा, जूनमध्ये तिथं पाय ठेवायला जागा नसते. आणि बँकेत जाऊन नीट विचारा की माझं आधार डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हायला, कुठल्या खात्याला सीड (जोडलेलं) आहे, नुसतं लिंक आहे म्हणाले तर परत विचारा. पैसे त्याच खात्यात जातात, भले ते खातं तुम्ही विसरून गेला असाल.

लाडकी बहीण 21 वर्षांपुढच्या बाईला मिळते, घरचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत हवं. ते 1500 मी थेट दूध आणि गॅसला लावले.

एसटीत बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहेच, पण रोजचं जाणं-येणं असेल तर विद्यार्थी पास काढा, त्यात तिसऱ्या हिश्शातच भागतं. पास ठरलेल्या रूटचाच असतो, कम्युनिटी पोस्टिंगला (गावातल्या ड्युटीला) पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, दुसरीकडे आलं की तिथं अर्ध्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा.

एज्युकेशन लोनचं बऱ्याच जणींना माहीत नसतं, त्यात नुसती फी नाही तर राहण्या-खाण्याचा खर्च, पुस्तकं, युनिफॉर्मही धरता येतो. कॉलेजकडून एस्टिमेट घेताना हे सगळं लिहून घ्या. 4 लाखांपर्यंत साधारण तारण मागत नाहीत आणि हप्ता कोर्स संपल्यावर सुरू होतो. दर आठवड्याला दारात वसुलीला येणाऱ्या फायनान्सपेक्षा हे किंवा बचत गट कधीही बरं, पहिल्या वर्षात आठवड्याचा हप्ता लागला की बाई ड्युटीवर लक्षच देऊ शकत नाही, मी मैत्रिणीचं बघितलंय.

नोकरी करून शिकायचा विचार असेल तर आधी हे बघा, क्लिनिकलचे, म्हणजे हॉस्पिटलमधल्या ड्युटीचे, तास पूर्ण भरावेच लागतात, बुडलेली ड्युटी शेवटी भरून द्यावी लागते. म्हणून सुट्ट्या लेकराच्या तापासाठी राखून ठेवा, लग्न-वास्तुशांतीला नाही. मी मॉर्निंग पोस्टिंगच्या महिन्यात संध्याकाळी चार पोरांची शिकवणी घ्यायचे, इव्हनिंग लागली की बंद.

सकाळी पोरगी अंगणवाडीत, तिथं खाऊ मिळतो, दुपारनंतर शेजारच्या काकूंकडे. काकूंना मी महिन्याला ठरवून पैसे दिले, फुकट ठेवून घ्या म्हटलं नाही, त्यामुळे नाइटलाही त्यांनी कधी नाही म्हटलं नाही.

पुस्तकं आणि बीपी अ‍ॅपरेटस सीनियरकडून घ्या, पांढरे बूट मात्र नवेच आणि चांगले घ्या, आठ तास उभं राहायचं असतं. आणि पोस्टिंगचा रोटा लागला की त्याच रात्री नवऱ्याबरोबर बसून वहीत लिहा, कुठल्या आठवड्यात नाइट आहे, काकूंचे किती, बसचे किती, कुठला आठवडा कोरडा जाणार. त्या कोरड्या आठवड्याचा किराणा आम्ही पगार झाला की आधीच भरायचो.